मॉलीबाईंचं लाल पिंप

मॉली लोपीस यांना कुणी सेवाभावी म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. मागच्या वर्षी एका सूत्रसंचालकाने स्टेजवरून तसं म्हणून टाळ्या मागितल्या, तेव्हा बाईंनी मागच्या रांगेतून हात हलवून लोकांना टाळ्या थांबवायला लावल्या. सेवा चर्चमध्ये करायची असते, देवळात करायची असते, मी फक्त पोरांना जेवायला घालते, असं त्यांनी नंतर मला ठणकावून सांगितलं. जणू तो शब्द मीच लिहून दिला होता. खरं तर मीच लिहून दिला होता.

वय बासष्ट, उंची पाच फुटांना थोडी कमी, मूळ गाव वसईजवळचं गास, आणि गेली तीस वर्षं मुक्काम शारजात. नवरा रॉक आमच्या ढोल-ताशा पथकाची व्हॅन चालवतो. ढोल त्याच्याबरोबर आणि पोरं बाईंबरोबर बसमधून, अशी वाटणी ठरलेली. रॉक शांत माणूस आहे. लोकांशी बोलताना तो बायकोला 'मॅनेजमेंट' म्हणतो, पण ती आसपास नसताना.

आमचं पथक उन्हाळ्यातच फिरतं, यावर भारतातले नातेवाईक हसतात. पन्नास डिग्रीत कोण ढोल वाजवतं? पण जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळा बंद असतात. ज्यांना परवडतं ती कुटुंबं विमानाने गावी जातात. ज्यांच्या बापाला रजा मिळत नाही, किंवा चार तिकिटांचा आकडा बघून ज्यांची आई ब्राउझर बंद करते, त्यांची पोरं दोन महिने फ्लॅटमध्ये पडदे ओढून मोबाइल बघत बसतात. त्या पोरांसाठी पथक निघालं. शारजाच्या औद्योगिक भागात एका ओळखीच्या गोदामात सराव करायचा आणि मग पाच शनिवार पाच गावांना बंद हॉलमध्ये कार्यक्रम. पहिला अजमान, शेवटचा दुबईत ऊद मेथाला. मुलगे चोवीस, मुली चौदा.

मी शुभ्रा. दिवसा दुबईतल्या देरा भागात एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात काम करते. पथकाची मी सेक्रेटरी आणि मुलींच्या पोशाखाची जबाबदारी माझी. मला ढोल वाजवता येत नाही, ताशा तर नाहीच, पण नऊवारी अशी नेसवता येते की तीन तास उड्या मारा, घडी हलणार नाही. एका मुलीला बावीस पिना. काठाला, काष्ट्याला, आतल्या लेगिंगला, वर ब्लाउजला, आणि सगळ्यावरून आवळलेला शेला. एका मुलीला वीस मिनिटं लागायची. आमच्या मुलींचे फोटो बघून मस्कतच्या मंडळाने मला फोन करून पद्धत विचारली होती. त्याचा मला भयंकर गर्व होता, आणि तो इथेच कबूल करून टाकते, कारण पुढे माझी अब्रू जाणार आहे.

बाईंचं जेवण म्हणजे पोटाला लागणारं जेवण. सकाळी तांदळाची पेज, त्यात मीठ आणि वर तूप. पहिल्या दिवशी पोरांनी तिला 'हॉस्पिटल फूड' म्हणून नाकं मुरडली. बाईंनी कुणाची मनधरणी केली नाही. ज्याला नको त्याने खाऊ नये, पण मग त्याने आज ढोल बांधू नये, टेबल पुसावं, एवढंच म्हणाल्या. दोघांनी टेबलं पुसली. तिसऱ्या शनिवारी तेच दोघे तिसऱ्यांदा वाटी घेऊन आले. दुपारी मुगाची खिचडी किंवा दडपे पोहे, आणि वादनाच्या अर्धा तास आधी प्रत्येकाच्या हातावर एक सुकेळं. वसईची ती वाळवलेली राजेळी केळी बाई दरवर्षी गावाहून बॅगेत भरून आणतात आणि सोन्यासारखी कुलपात ठेवतात.

आणि नळ लावलेली दोन मोठी पिंपं. निळं मुलग्यांचं, लाल मुलींचं. लबानच्या, म्हणजे इथल्या तयार घट्ट ताकाच्या, बाटल्या ओतून, पाणी, मीठ, जिरं घालून केलेलं पातळ ताक. रांगेत धक्काबुक्की होते म्हणून दोन वेगळी ठेवलेली, दुसरं काही कारण नव्हतं. याच दोन पिंपांमुळे पुढचं सगळं उघडकीला आलं.

तिसऱ्या शनिवारी रास अल खैमाला शेवटच्या फेरीत रुचा पडली. सोळा वर्षांची, दणकट, पथकात सगळ्यात खणखणीत हात तिचा. ढोल पुढे आणि ती त्याच्यावर, अशी ओणवी पडली. क्लिनिकमध्ये डॉक्टरने सलाइन लावलं. अंगातलं पाणी पार आटलंय आणि शिवाय लघवीला इन्फेक्शन झालंय, असं त्यांनी सांगितलं. आमचे अध्यक्ष आत्माराम साठम यांनी त्यातलं पहिलंच ऐकलं. मीही पहिलंच ऐकलं. मॉलीबाई तेव्हा दाराशी उभ्या होत्या. दुसरं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा एकदम बदलला होता, पण मला वाटलं, दमल्या असतील.

आत्माराम वाईट माणूस नाही. बांधकामाची कंत्राटं घेतो, सदा फोनवर असतो, पण शनिवारी पहाटे येऊन स्वतः ढोलाच्या दोऱ्या ताणतो. पथक त्याला पोटच्या पोरासारखं आहे. त्याची चूक एवढीच की काही बिघडलं की कुणाला तरी बदललं म्हणजे दुरुस्त झालं, असं त्याला वाटतं. कमिटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. पेज हलकी पडते, ताक बाहेर ठेवलेलं असतं, गोदामात माशा असतात. दोन आयांनी तर बाईंच्या भांड्यांचे फोटो टाकले. शेवटी ठरलं की उरलेल्या दोन शनिवारी एका हॉटेलातून पॅकबंद डबे मागवायचे आणि मॉलीबाईंनी जरा विश्रांती घ्यावी. हा निरोप त्यांना कळवायचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे आलं.

बाईंनी फोनवर पूर्ण ऐकून घेतलं.

"शुभ्रा, मला काढायचं तर कारण लिहून द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या कुठल्या जेवणाने त्या पोरीला काय झालं, ते लिहायचं आणि खाली आत्मारामची सही. मग मी घरी बसते."

सही करायला कुणीच तयार होईना. तोंडी निरोप मात्र सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाठवला.

चौथ्या शनिवारी सकाळी बस निघायच्या वेळेला बाई दोन्ही पिंपं घेऊन हजर. आत्माराम बसच्या दारात एक हात टेकून उभा होता. मॉलीबाई, अहो तुम्हाला सांगितलं होतं ना, असं तो म्हणेपर्यंत बाई त्याच्या हाताखालून वाकून आत गेल्या. उंची कमी असल्याचा फायदा. पिंपं रॉकने मागून चढवली आणि अध्यक्षांकडे न बघता व्हॅनकडे निघून गेला.

फुजैराच्या त्या हॉलमध्ये बाईंनी दिवसभर काहीच केलं नाही. डबे वाटले गेले, त्यांनी हात लावला नाही. त्या पिंपांशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि मार्करने पिंपांवर रेघा मारत राहिल्या. मला वाटलं, रुसल्या आहेत. दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. निळं पिंप सकाळपासून तीनदा रिकामं होऊन परत भरलं होतं. लाल पिंपाचं झाकण उघडून त्यांनी मला आत बघायला लावलं. ताक दोन बोटं उतरलं होतं.

मी म्हटलं, मुली डाएट करतात हल्ली, इशिता पण घरी तसंच करते. इशिता माझी मुलगी, पंधरा वर्षांची, तीही ढोल वाजवते. बाई म्हणाल्या, मीही तेच समजत होते, गेले तीन शनिवार त्यांना ओरडत होते. मग माझा दंड धरून त्या मला लेडीज टॉयलेटकडे घेऊन गेल्या. तिथे सफाईचं काम करणारी रशीदा नावाची बाई होती. बाईंनी तिच्याशी आधीच ओळख काढली होती.

"इनको बताओ, जो मुझे बताया."

"आपकी एक भी बच्ची नहीं आई, मॅडम," रशीदा म्हणाली. "साडी पहनने के बाद एक भी नहीं. मैं तो सुबह से इधरही बैठी हूँ."

मुलींना मी दुपारी एक वाजता नेसवायला घेत असे. कार्यक्रम संपून पिना निघेपर्यंत नऊ वाजायचे. मी मनातल्या मनात आठ तास मोजले आणि तरीही, खोटं कशाला बोलू, माझी पहिली भावना रागाची होती. एवढी मोठी घोडी झालीत, जायचं असेल तर तोंडाने सांगता येत नाही? मी तशीच ग्रीन रूममध्ये शिरले आणि इशितालाच विचारलं. इशिताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडगळ प्रश्न विचारला होता.

"मम्मा, यू सेड. फर्स्ट डे. नोबडी ओपन्स अ पिन टिल नाइन."

मी म्हटलं होतं. अजमानला, तोंडात चार पिना धरून, सगळ्यांसमोर. एकदा नेसवलं की रात्रीपर्यंत मला कुणी पिना काढायला सांगायचं नाही, माझा जीव जातो. मला ते वाक्य चांगलं आठवत होतं, कारण त्यावर सगळ्या हसल्या होत्या आणि मला मी फार मजेशीर आहे असं वाटलं होतं. त्या हसल्या आणि त्यांनी पाणी पिणं सोडलं. दुपारपासून घोटभरही नाही. काहीजणी तर सकाळपासूनच. रुचाने आदल्या रात्रीपासून. ती आता कोपऱ्यात साध्या कपड्यांत बसली होती, डॉक्टरने तिला वाजवायला मनाई केली होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला इतकी शरम वाटली की मी तिथल्या तिथे, ज्या मुली नेसून तयार होत्या त्यांच्या पिना काढायला सुरुवात केली. घाईत एक पिन माझ्याच बोटात गेली. त्या दिवशी कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला आणि मुलींनी सलवार-कुर्ता घालून वाजवलं. आत्माराम माझ्याशी बोलला नाही.

पिना काढत असताना मॉलीबाई मध्येच एका ट्रंकेवर बसल्या. त्यांना काही सांगायचं होतं. मी त्यांना दहा वर्षं ओळखते, पण त्यांनी स्वतःबद्दल असं कधी सांगितलं नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी त्या शारजात आल्या तेव्हा त्यांना गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात स्टोअर क्लार्कची नोकरी मिळाली. साठ पुरुष आणि ही एकटी. संडास एक, तोही मागच्या आवारात, आतून कडी नसलेला. तक्रार कुणाकडे करायची? मॅनेजरसमोर तो शब्द काढायचा कसा? लोक काय म्हणतील, एक बाई ठेवली तर हिच्या मागण्या सुरू. म्हणून सकाळी सातला घरून निघताना पाणी बंद, ते संध्याकाळी सहाला घरी आल्यावर. मे महिन्यात, जूनमध्ये, पत्र्याच्या छपराखाली. सहा वर्षं.

"मग एक किडनी काढली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला मी सांगितलं, इथल्या उन्हाने झालं. रॉकलाही उन्हाचंच सांगितलं. ऑपरेशननंतर मालकाने विचारलं, हलकं काम देऊ का. कॅन्टीनच्या मागे पत्र्याचा संडास होता आणि त्याला आतून कडी होती. मी पगार कमी घेऊन कॅन्टीनला गेले. मला स्वयंपाक येत नव्हता, पोरींनो. भातसुद्धा करपायचा. त्या कडीसाठी मी स्वयंपाक शिकले."

रुचा उठली आणि लाल पिंपाकडे जाऊन तिने पेला भरून घेतला.

बुधवारी आत्मारामच्या देऱ्यातल्या ऑफिसात कमिटीची मीटिंग भरली. सात पुरुष, मी, आणि बोलावणं नसताना आलेल्या मॉलीबाई. चहा येण्याआधीच बाईंनी विषय काढला आणि आडपडदा न ठेवता मुली लघवी धरून ठेवतात म्हणून आजारी पडतात असं सांगितलं. सगळ्यांनी आपापले मोबाइल बघायला घेतले. सात मोठे बाप्ये, प्रत्येकाच्या घरात बायको-मुली, आणि त्या एका शब्दाने कुणाला मान वर करता येईना. मला हसू आलं आणि लगेच संतापही आला, कारण गेला महिनाभर मीही त्यांच्यातलीच होते.

बाईंच्या मागण्या दोन होत्या. पहिली, ऊद मेथाच्या कार्यक्रमात एकही पिन नको. त्यांची आई वसईला नऊवारी लुगडं नेसून पहाटेपासून मळ्यात राबायची, भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची आणि रविवारी त्याच तऱ्हेचं धुतलेलं लुगडं नेसून चर्चला जायची. गुडघ्यापर्यंत उचललेलं, कमरेला एक गाठ, मागे काष्टा. काष्टा सोडला की मोकळी, खोवला की तयार. नऊवारी बायकांनी काम करायला नेसली होती, फोटो काढायला नाही. तसं लुगडं त्या सगळ्या मुलींना नेसवणार होत्या. सुती चौकड्यांचं कापड त्यांनी देऱ्यातून आणून ठेवलंही होतं. दुसरी मागणी, कुठल्याही मुलीला कुठल्याही क्षणी, वादन चालू असलं तरी, ढोल उतरवून जाता आलं पाहिजे.

पहिल्या मागणीवर एकजण म्हणाला की विकत घेतलेल्या साड्या एकेक एकशेऐंशी दिरहमच्या आहेत, म्हणजे चार हजार रुपयांच्या वर, त्या काय कपाटात ठेवायच्या? दुसरा म्हणाला की गुडघ्यापर्यंत नेसलं तर मुली मजूर बायकांसारख्या दिसतील. बाईंनी त्याला विचारलं की दहा किलोचं ओझं कमरेला बांधून तीन तास हात चालवणाऱ्या पोरी मजुरी करत नाहीत तर काय करतात, आणि मजूर दिसण्यात कमीपणा कसला? त्याने विषय सोडला.

दुसऱ्या मागणीवर मात्र आत्माराम ताठ झाला. चालू वादनात कुणी ढोल उतरवायचा नाही, ही पथकाची पहिल्या दिवसापासूनची शिस्त. हात तुटला तरी फेरी पूर्ण करायची. त्याने स्वतः तरुणपणी एकशेतीन ताप अंगात असताना वाजवलं होतं. सहाशे लोक, पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे, आणि एकेक मुलगी उठून चालली? त्याच्याच्याने ते बघवणार नव्हतं. तो हे मनापासून बोलत होता, त्याचा आवाज चढला नव्हता.

"तुमच्या शिस्तीला माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मुलग्यांना लावा, स्वतःला लावा. पण तिच्यापायी पोरींची किडनी जाणार असेल तर ती मी मोडणार. आणि तुम्हाला नकोच असेल, तर शनिवारी तुमच्या स्टेजवर चौदा मुली नसतील. मी त्यांना विचारून आले आहे."

खरंच विचारून आल्या होत्या. मुलींनी स्वतःचा वेगळा ग्रुप काढला होता आणि तिथे सगळ्यांचं ठरलं होतं. नाव इशिताने ठेवलं होतं, 'नो पिन'. मला त्यात घेतलेलं नव्हतं.

निर्णय झाला नाही. आत्माराम 'बघू' म्हणाला आणि उठला. जाता जाता त्याने मला बजावलं की मीटिंगच्या अहवालात तो शब्द नको, 'वैयक्तिक अडचण' असं लिही. मी घरी येऊन अहवाल लिहायला बसले. वैयक्तिक अडचण लिहिलं, खोडलं. मग लघवी असं लिहिलं, दोनदा, आणि सगळ्या पालकांना पाठवून दिलं. रात्रीपर्यंत अकरा आयांचे निरोप आले. एकीने लिहिलं होतं की तिच्या बँकेत ती स्वतः तसंच करते.

शनिवारी मी साड्यांची बॅग बरोबर घेतली होती. एवढं धैर्य अहवालात दाखवून मी परत घाबरले होते. आत्मारामने सकाळी फोन करून स्पष्ट सांगितलं होतं की आजच्या दिवशी नाटकं नकोत, पाहुणे येणार आहेत. मी बॅग आणि पिनांचा डबा घेऊन ऊद मेथाच्या त्या हॉलच्या ग्रीन रूममध्ये गेले, तर बाईंनी नऊ मुली नेसवून तयार केल्या होत्या. लाल चौकड्यांचं लुगडं, गुडघ्याखाली पोटऱ्या मोकळ्या, कमरेला घट्ट गाठ. एका मुलीला चार मिनिटं. रुचाला डॉक्टरने वाजवायची परवानगी दिली होती आणि ती बाकीच्यांना काष्टा खोवायला शिकवत होती. लाल पिंपाशी रांग होती, धक्काबुक्की चालली होती, आणि बाई एकीला ओरडत होत्या की नळ गळतोय, नीट बंद कर.

आत्मारामने दारावर टकटक केली आणि बाहेरूनच मला बोलावलं. फटीतून त्याला आतलं दिसलं असावं. साड्या कुठे आहेत, त्याने विचारलं. मी बॅग दाखवली. मग नेसवा, वेळ आहे अजून, तो म्हणाला.

पाठीमागे इशिता उभी राहून ऐकत होती. मी मागे वळून पाहिलं नाही, पण मला ते कळत होतं.

"मी नाही नेसवणार," मी म्हटलं आणि पिनांचा डबा त्याच्या हातात दिला. "तुम्हाला लावायच्या असतील तर तुम्ही लावा."

तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं की पाहुण्यांची गाडी आली, आणि तो डबा हातात घेऊनच पळाला.

कार्यक्रम सुरू झाला. ताशे कडाडले आणि चौदा मुली लाल लुगड्यांत स्टेजवर आल्या तेव्हा हॉलमध्ये एक क्षण कुजबुज झाली आणि मग जी दाद मिळाली ती मी पाच शनिवारांत ऐकली नव्हती. लुगड्यांसाठी नव्हती ती. मुली वाजवतच तशा होत्या. पाय मोकळे, श्वास मोकळा. मी आणि बाई स्टेजच्या बाजूला पिंपाशी उभ्या होतो. पुढच्या रांगेत पाहुणे आणि त्यांच्या शेजारी आत्माराम, मांडीवर पिनांचा डबा. ठेवायला जागा मिळाली नसावी.

तिसऱ्या फेरीच्या ऐन भरात रुचाने हातातलं टिपरू वर केलं. मुलींची आपसातली खूण होती ती. शेजारच्या दोघी एकेक पाऊल सरकल्या, ताशेवाल्यांनी आवाज चढवला, आणि रुचाने कमरेचा पट्टा सोडून ढोल खाली ठेवला. स्टेजवरून टॉयलेटला जायला एकच वाट होती, पुढच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेसमोरून. पोरगी धावली नाही, मान खाली घातली नाही. सहाशे लोकांसमोरून, पाहुण्यांच्या गुडघ्यांना जवळजवळ घासून, सरळ चालत गेली. ढोल वाजतच होते.

पाहुणे आत्मारामकडे झुकले. मुलीला बरं वाटत नाही का, त्यांनी काळजीने विचारलं. ताशाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं, आणि म्हणून ते आम्हालाही ऐकू आलं. आत्मारामने डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून धरलं. मॉलीबाई त्याच्याकडे एकटक बघत होत्या.

"तब्येत ठणठणीत आहे, साहेब," तो ताशावर आवाज चढवून म्हणाला. "लघवीला गेली आहे. येईल आता."

मागच्या दोन रांगा माना उंचावून बघायला लागल्या. आत्मारामने कुणाकडे पाहिलं नाही, तो ताठ बसून समोर बघत राहिला. रुचा आली, जाताना गेली होती तशीच त्याच्यासमोरून, आणि पायऱ्या चढून तिने ढोल बांधला. चढण्याआधी बाईंनी तिच्या हातात ताकाचा पेला दिला होता, तो तिने उभ्याने संपवला होता. मग बाईंनी लाल पिंप जरासं कलतं करून पाहिलं. ते रिकामं झालं होतं, आणि अजून दोन फेऱ्या बाकी होत्या, म्हणून त्या लबानच्या बाटल्या आणायला गेल्या.